पोवळ्यांच्या कड्यावर अबोला

४ नोव्हेंबर

कालपासून मी ह्यांच्याशी बोलत नाही. बडबडी बाई गप्प बसली की शब्द आत साठतात आणि पोट दुखायला लागतं. म्हणून आज बंदरावरच्या दुकानातून ही वही आणली. कारणही लिहून ठेवते, म्हणजे चार दिवसांनी मी मऊ पडायला नको.

काल आमच्या होडीवर एक मोठं कुटुंब आलं होतं. लोक तिला यॉट म्हणतात. पत्रकावर ह्यांनीही ‘खासगी यॉट, एका दिवसात तीन बेटं’ असं छापून घेतलंय. घरात आम्ही होडीच म्हणतो. एका डोलकाठीची आहे, वारा असला की शीड आणि पडला की इंजिन. हे मागे चाकावर असतात आणि मी पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी टोकाला. तिसऱ्या बेटाला पोवळ्यांचं कडं आहे. कड्यात होडी जाईल एवढ्या दोन फटी आहेत, त्यांना आम्ही दारं म्हणतो, एक उगवतीचं आणि एक मावळतीचं. कड्याच्या आत जे निवांत हिरवं-निळं पाणी आहे ते बघायलाच लोक लांबून येतात. पण तिथे शिरायचं तर पाण्याचा रंग वाचावा लागतो. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे खाली वाळू, तपकिरी दिसलं की पोवळं आलंच. चाकावरून हे नीट दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू जात नाही. मग मी पुढे उभी राहून हातांनी सांगते. उजवा हात लांब केला की उजवीकडे, डावा केला की डावीकडे, तळहात खाली दाबला की हळू, मूठ वर गेली की थांब. लग्न झाल्यापासून आमचं असंच चाललंय.

तर त्या कुटुंबातल्या आजोबांनी ह्यांना विचारलं, तुम्ही होडी चालवता, मग वहिनी काय करतात? हे म्हणाले, “ती? ती नुसती हात हलवते.” सगळे हसले. हेही हसले. मी तेव्हा कलिंगड कापत होते. सुरी हातात होती, पण मी सभ्य बाई आहे.

संध्याकाळी बंदर कचेरीचा नवा नियम कळला. नव्या वर्षापासून कड्याच्या आत पाहुणे न्यायचे तर होडीवर परवाना असलेले दोन चालक पाहिजेत. आमच्या होडीवर कामाची माणसंच दोन. म्हणजे एक हे आणि दुसरा कुणी परवानेवाला, आणि मी किनाऱ्यावर. मी विचारलं, मग माझं काय? तर म्हणाले, “तू परीक्षा दे की.”

त्या परीक्षेचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. लेक लहान असताना गेले होते मी एकदा त्या कचेरीत. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे मी. पहिला प्रश्न आला आणि तोंडाला कुलूप. जिला गप्प बसवणं घरात आजवर कुणाला जमलं नाही, तिला तिथे स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नाही. त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं काल मी ठणकावून सांगितलं. हे म्हणाले, “बरं, बघू.” आणि शीळ घालत दोर गुंडाळायला गेले.

माझा समुद्र सुटतोय आणि हा माणूस शीळ घालतोय. म्हणून अबोला.

६ नोव्हेंबर

अबोला धरणं सोपं नाही, त्याला डोकं लागतं. जेवायला वाढलंय हे मी भांड्यांना सांगते. गॅस संपत आलाय हे भिंतीला सांगते. हे शहाणे, भिंतीला उत्तर देतात.

कामाच्या वेळचे हात मात्र चालू ठेवलेत. ते बोलण्यात धरत नाही. पोवळ्यांना आमच्या भांडणाशी काय देणंघेणं?

ह्याचा ह्यांनी आज गैरफायदा घेतला. सकाळी मी कपात दूध ओतत होते, तर समोरून तळहात खाली दाबला. हळू. मी ओतत राहिले, तर मूठ वर. थांब. मग साखरेचा डबा उजवीकडे होता म्हणून उजवा हात लांब. मी तोंड घट्ट मिटून डबा सरकवला आणि मागच्या खोलीत जाऊन हसून आले. येताना चेहरा होता तसा करून आले.

९ नोव्हेंबर

आज नवं लग्न झालेलं जोडपं होतं. दोघांना एकमेकांशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांना तीन बेटं दाखवली काय आणि तीन खुर्च्या दाखवल्या काय, सारखंच. तरी कड्याच्या आत शिरल्यावर ती मुलगी एकदम उठून उभी राहिली आणि नवऱ्याचा हात सोडून काठ धरून बघत राहिली. इतकी वर्षं झाली, पण कुणी असं उठून उभं राहिलं की मला त्या पाण्याचा अभिमान वाटतो, जणू मीच सकाळी उठून ते भरून ठेवलंय.

एक गोष्ट विचित्र घडली. मावळतीच्या दारापाशी ह्यांनी अचानक पाठ धरली आणि मला मागे बोलावून चाक हातात दिलं. स्वतः नाळेवर जाऊन उभे राहिले. चाक मी पूर्वीही धरलंय, पण मोकळ्या पाण्यात, ते जेवायला बसले की तेवढ्यापुरतं. दारात कधीच नाही. त्यात भर म्हणजे ह्यांनी तिकडून खुणा चुकीच्या केल्या. डावीकडे तपकिरी डाग स्वच्छ दिसत होता आणि हे डावा हात लांब करून उभे. मी त्यांच्याकडे बघणंच सोडलं, चाकामागच्या बाकावर चढले आणि पाण्याकडे बघून होडी आत घातली. आत गेल्यावर बघते तर हे दात काढून हसतायत.

पाठ दुखणाऱ्या माणसाला एवढं हसू कसं येतं? वय झालं की माणसाचं असंच होत असावं. नजरही गेलेली दिसते.

१३ नोव्हेंबर

आज एक मिशीवाले कप्तान होडी बघायला आले होते. मोठ्या जहाजांवर होते म्हणे, आता निवांत काम हवंय. नियमाची बातमी बंदरावर पसरलीच आहे, गुळाला मुंगळे लागायचेच. त्यांनी होडीवरच्या प्रत्येक वस्तूला हात लावला. माझ्या छोट्या स्वयंपाकघरात वाकून बघितलं आणि म्हणाले, “हे सगळं काढून इथे बर्फाची पेटी बसवता येईल. जेवण काय, किनाऱ्यावरून डबे आणता येतील.”

मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तो आवडीने प्यायला, त्यांना साखरेचा त्रास आहे म्हणे. माझं नशीबच असं.

हे सगळं ऐकून नुसते मान डोलवत होते. जाताना “कळवतो” म्हणाले. मी कांदे चिरायला घेतले, कारण कांदे चिरताना कुणी काही विचारत नाही. मला त्या होडीवरून उतरायचं नाही, एवढंच. दुसरं काही मागणं नाही माझं. रोज तेच पाणी असतं आणि रोज वेगळं दिसतं, आणि ते मी बघितल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. हे कुणाला सांगू? ज्यांना सांगायचं त्यांच्याशी बोलत नाही.

लेकीला फोन केला. तिला म्हटलं, तुझे बाबा मला घरी बसवायला निघालेत. तर कार्टी हसली. म्हणाली, “आई, तू आधी जेव. तुझं डोकं भुकेलं की वाकड्यात शिरतं.” बापाचीच लेक.

१७ नोव्हेंबर

नात बालवाडीत आहे. तिला शाळेतून ‘समुद्र’ असा प्रकल्प दिलाय, म्हणून लेक रोज संध्याकाळी फोन करून प्रश्न विचारते. कड्याच्या आत असताना इंजिन बंद पडलं तर आधी काय करायचं? नांगराला दोर किती सोडायचा? समोरून शिडाची होडी आली तर वाट कुणी द्यायची? माणूस पाण्यात पडला तर कुठल्या बाजूने जवळ जायचं?

मी म्हटलं, बालवाडीत असलं विचारतात? लेक म्हणाली, शाळा फार पुढे गेल्यात आता. मलाही बरं वाटतं, निदान कुणीतरी विचारतंय. काल तर माणूस पाण्यात पडल्यावर काय करायचं हे मी गाळणी फिरवून दाखवलं, फोनवर दिसत नाही हे विसरून. आज नातीला मुद्दाम विचारलं, बाळा, सांग बघू, नांगराचा दोर किती सोडायचा? तर म्हणाली, आजी, मी बदक काढलंय.

पोरांचं लक्षच नसतं.

२० नोव्हेंबर

आजचा दिवस सगळा लिहायचाय. हात दुखतायत, पण लिहिते.

एका बाईंनी एकटीसाठी अख्खी होडी घेतली होती. साठीच्या असतील, काटक, डोक्यावर मोठी गवती टोपी आणि अंगरख्याला खिसेच खिसे. आम्ही निघणार एवढ्यात हे मनगटाला पट्टी बांधून आले. जिन्यावरून घसरले म्हणे. चाक धरवत नाही. म्हणजे दिवसभर चाक माझ्याकडे. मी डोलकाठीला ऐकवलं की काही माणसांना नेमकं पाहुण्यांच्या दिवशीच घसरायचं असतं. दुपारी जेवताना बघते तर पट्टी उजव्या हाताला. सकाळी डावीकडे होती असं मला वाटत होतं. बिचाऱ्यांना दोन्हीकडे लागलंय आणि बोलत नाहीत. अबोला नसता तर विचारलं असतं.

पहिलं बेट म्हणजे नुसता वाळूचा पट्टा, ओहोटीला वर येतो आणि भरतीला जातो. पक्षी एवढे की वाळू दिसत नव्हती. बाईंनी विचारलं, इथे होडी किती वेळ थांबवता येईल? मी पाण्याची रेघ दाखवली, म्हटलं ती त्या काळ्या दगडाला टेकली की निघायचं, नाहीतर सहा तास इथेच गप्पा मारू. त्यांनी खिशातून घड्याळ काढून बघितलं.

दुसऱ्या बेटाच्या वाटेवर त्यांची टोपी उडाली. मी होडी वळवली, वारा कुठून येतोय ते बघून टोपीच्या जवळ हळूच गेले, इंजिन बंद केलं आणि हूक असलेल्या काठीने टोपी वर घेतली. बाईंनी पुन्हा घड्याळ बघितलं. आणि थोड्या वेळाने टोपी परत उडाली, ह्या वेळी उलट्या बाजूला. हनुवटीखाली बांधायला चांगली नाडी आहे त्या टोपीला. पण शिकलेल्या माणसांना कोण सांगणार? मी पुन्हा काढून दिली आणि नाडी स्वतः बांधली, गाठ मारून.

प्रश्न तर विचारून विचारून माझा जीव घेतला. इथे का वळलात? तो रंग कसला? ढग आले तर काय कराल? वाटलं, ही बाई परीक्षाच घेतेय. मग वाटलं, एकटी आहे, घरी बोलायला कुणी नसेल. आणि मलाही कितीतरी दिवसांत कुणाशी पोटभर बोलायला मिळालं नव्हतं. सुटले मग. सगळं सांगितलं. कासवं कुठल्या खडकाजवळ येतात, पाऊस दूर असताना पाण्याला कसला वास येतो, आमच्या ह्यांना दिशा कशा कळत नाहीत आणि ते कुणाच्या जोरावर इतकी वर्षं कप्तान म्हणून मिरवतायत. हे नाळेवर बसून ऐकत होते. त्यांची पाठ हलत होती, हसत असावेत.

कड्याच्या आत बाई पाण्यात उतरल्या त्या वर यायलाच तयार नाहीत. मीही उतरले, अर्धा तास. खाली पिवळ्या माशांचा थवा पोवळ्यातून एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, शाळा सुटल्यासारखा. एक कासव आमच्या दोघींच्या मधून गेलं, वळून बघितलंसुद्धा नाही. वर आल्यावर बाई इतक्या हसत होत्या की त्यांना शिडी धरवेना. मासळी भाजली होती, भात होता. त्यांनी तीनदा घेतला. मला अशी माणसं आवडतात.

ह्या सगळ्यात दुपार कलली. एरवी आम्ही सूर्य डोक्यावर असतानाच कड्याबाहेर पडतो. आता तो मावळतीकडे उतरला होता, आणि घरी जायची जवळची वाट म्हणजे मावळतीचंच दार. मी उगवतीकडे तोंड वळवलं, तर बाई म्हणाल्या, लांबून कशाला? मला उशीर होतोय, मावळतीच्या दारानेच चला. मी म्हटलं, नाही. त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, “मी ही होडी दिवसभरासाठी घेतलीय. आणि तुमचे मालक तर हो म्हणतायत.”

मी वर बघितलं. नाळेवर हे उभे होते आणि दोन्ही हात सरळ मावळतीच्या दाराकडे करून दाखवत होते. चल.

माझं डोकं फिरलं. इंजिन बंद केलं आणि ओरडले, “अहो, डोळे फुटले का तुमचे? सूर्य तोंडावर आलाय, पाणी नुसतं चकाकतंय. त्यात तपकिरी काय आणि निळं काय, दिसतंय का काही? खाली या तिथून.”

मग बाईंकडे वळले. म्हटलं, “तुम्ही पाहुण्या आहात, रागवा, पुन्हा येऊ नका. पण आत्ता चाक माझ्या हातात आहे. मला पाणी दिसत नाही तिथे मी कुणाला नेत नाही. नवऱ्यालाही नाही.”

हे मुकाट्याने खाली आले आणि मान खाली घालून बसले. खांदे मात्र हलत होते. मी होडी वळवली. सूर्य पाठीशी आल्याबरोबर पाणी पुन्हा पाण्यासारखं दिसायला लागलं, तळापर्यंत. उगवतीच्या दारातून सावकाश बाहेर पडलो आणि कड्याला बाहेरून वळसा घातला. तिथे डॉल्फिन भेटले. पाच-सहा होते, होडीच्या पुढे पुढे पळत राहिले. बाई नाळेवर पालथ्या पडून त्यांना हाक मारत होत्या, वयाचा काही विचार नाही. हे त्यांच्या शेजारी पालथे, पट्टी बांधलेल्या हाताने टाळ्या वाजवत. शीड भरलं होतं, चाक हलकं झालं होतं, आणि मी खरंच सांगते, त्या घटकेला मला कसलाच राग राहिला नव्हता. मिशीवाल्यांचासुद्धा. आज मी खूप सुखात होते.

अबोला मोडला असं धरायचं नाही. ते कामातलं बोलणं होतं.

२१ नोव्हेंबर

कालचा आनंद उतरलाय. बाई जाताना फक्त “येते” म्हणाल्या. एवढी बोलणारी बाई आणि एकच शब्द. तक्रार करणार हे नक्की. पैसे देऊन आलेल्या पाहुणीला मी झापलं, मालकाला तिच्यासमोर खाली उतरवलं. आता मला घरी बसवायला नियमाचीही गरज नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

ह्यांचं मनगट एका रात्रीत बरं झालं. दोन्ही.

२६ नोव्हेंबर

सकाळी हे म्हणाले, बंदर कचेरीत जायचंय, तूही चल. मी समजले. तक्रार आली. चांगली साडी नेसले, म्हटलं ओरडा खायचा तर नीटनेटकं होऊन खाऊ.

तीच खोली. तेच टेबल, फक्त वरची काच नवीन. आणि टेबलाच्या पलीकडे त्या बाई, टोपी नव्हती म्हणून ओळखायला वेळ लागला. बाजूला एक कारकून. बाई म्हणाल्या, बसा. मी बसले. त्यांनी नाव विचारलं, आणि ते पुन्हा तसंच झालं. जीभ हलेना.

बाई हसल्या. म्हणाल्या, “राहू दे. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोललात, तेवढं मला पुरलं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्यांनी वर्षानुवर्षं होडीवर काम केलंय त्यांची परीक्षा खोलीत न घेता एका पूर्ण फेरीत, होडीवरच घेता येते. अर्ज मालकाने करायचा. उमेदवाराला आधी कळवलंच पाहिजे, असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. टोपी दोनदा टाकली ती त्यांनीच. मावळतीच्या दाराचा हट्टही त्यांचाच, ह्यांना त्यांनी तशी खूण करायला सांगितली होती. “भले भले तिथे पाहुण्याचं ऐकतात,” म्हणाल्या. “जे ऐकतात त्यांना मी परवाना देत नाही.”

कारकुनाने परवाना पुढे केला. वर माझं नाव होतं, पूर्ण. मी तो घेतला आणि रडायला लागले, आणि बाईंनी खिशातून रुमाल काढून दिला. त्यांच्या प्रत्येक खिशात काहीतरी असतं.

जिन्यावर आल्यावर मी ह्यांना गाठलं. पाठ, मनगट, बालवाडीचा प्रकल्प, सगळं बाहेर काढलं. म्हटलं, किती खोटं बोललात तुम्ही ह्या महिन्यात? आणि बाप-लेक दोघं मिळून?

हे म्हणाले, “तू बोलतच नव्हतीस. मग खरं कुणाला सांगू?”

वर तोंड करून असं बोलायला धाडस लागतं. मी म्हटलं, आधीच का नाही सांगितलं? तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू त्या दिवशी होडीवर आली असतीस का? खरं आहे. नसते आले. पांघरूण घेऊन झोपले असते.

मग ते एकदम गंभीर झाले. त्या आजोबांसमोर जे बोललो ते चुकलं, म्हणाले. हसू आणायला बोललो आणि तू आत कलिंगड कापतेयस हे माहीत असून बोललो. जिन्यातून लोक ये-जा करत होते, शिपाई फायली घेऊन उभा होता, आणि हा माणूस सगळ्यांदेखत माफी मागत होता. मिशीवाल्यांना केव्हाच ‘नाही’ कळवलंय, हेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, बरं, बघू. आणि मग दोघांनाही हसू आवरेना. शिपाई म्हणाला, बाजूला व्हा, जिना अडलाय.

तिथून घरापर्यंत मी बोलत होते. घरी आल्यावरही बोलत होते. लेकीला फोन करून तासभर बोलले. ह्यांनी मध्येच कानात कापूस घातल्याची खूण केली, पण उठून गेले नाहीत.

३ डिसेंबर

सात दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं बरंच होतं, पण तोंडाने बोलून झालं की लिहायला काही उरत नाही. आजचं मात्र बोलून संपलेलं नाही.

आज मी कप्तान म्हणून पहिल्यांदा बाहेर पडले. पाहुण्या चार बहिणी होत्या, थोरलीची साठी साजरी करायला आलेल्या. चौघी एकाच वेळी बोलतात आणि एकमेकींना उत्तरंही देतात, मला त्यांच्यात फार बरं वाटलं. धाकटीला पोहता येत नव्हतं. थोरलीने तिला पोटाखाली हात देऊन उथळ पाण्यात धरलं आणि म्हणाली, लहानपणी मी तुला विहिरीत ढकललं होतं, आज फेडते. धाकटी म्हणाली, हात काढू नकोस म्हणजे झालं.

हे नाळेवर होते. मीच पाठवलं. काल संध्याकाळी अंगणात उभं राहून त्यांच्याकडून सगळ्या खुणा घोकून घेतल्या. इतकी वर्षं बघून माहीत असणं वेगळं आणि स्वतः हात हलवणं वेगळं. डावा-उजवा अजून घोळतो त्यांचा, पण येईल हळूहळू.

सूर्य डोक्यावर असताना आम्ही मावळतीच्या दारापाशी पोहोचलो. मी बाकावर चढून पाणी बघत होते. मधला पट्टा निळा, दोन्ही बाजूंना तपकिरी. हात बघावा म्हणून नाळेकडे नजर टाकली, तर हे पाण्याकडे पाठ करून उभे. माझ्याकडे बघत. तोंडभर हसत, अगदी आरामात, कठड्याला टेकून.

मी उजवा हात केला, डावा हात केला, मूठ वर केली. काही उपयोग नाही. शेवटी इंजिन कमी करून ओरडले, “अहो, पुढे बघा. पोवळं आहे तिथे.” चारही बहिणी वळून बघायला लागल्या. मग ते सावकाश वळले आणि उजवा हात लांब केला, तोही बरोबर बाजूला. आत शिरलो.

नांगर टाकल्यावर मी त्यांना चांगलं धरलं. म्हटलं, असा पहारा देतात? मला तुमची पाठ दिसली पाहिजे आणि तुमचे हात. तोंड कशाला हवंय मला?

ते नांगराचा दोर तपासत होते. दोराकडेच बघत म्हणाले, “मी किती वर्षं चाकावर होतो? तेवढी वर्षं मला तुझी पाठच दिसलीय. रोज वाटायचं, पाणी बघून हिचं तोंड कसं होत असेल. आज बघितलं.”

एवढं बोलून ते बहिणींना शहाळी फोडून द्यायला गेले. मी तिथेच उभी होते. मला उत्तर सुचलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुन्हा असं होईल असं वाटत नाही.

परतताना वेळेवर निघालो. कड्याबाहेर आलो, शीड वर चढवलं, बहिणी गाणं म्हणत होत्या आणि कुणाचाच सूर कुणाशी जुळत नव्हता. हे नाळेवर होते. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा मान वळवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी ओरडणार होते. मग खाली बघितलं आणि गप्प बसले. तिथे पाणी खोलच होतं.